कात्रीबाईने जगवलेला वेल

तिला कात्रीबाई हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि थोरांनी मुकाट्याने उचललं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिवणकाम करते म्हणून हे नाव पडलं असावं, असं नव्या माणसाला वाटे. उसवलेली बाही घेऊन एकदा तिच्या दारात गेला की त्याची समजूत पुरी होई. बाही उसवलेली नाही, तुम्हीच सुटला आहात, हे ती जाड माणसाला चारचौघांत सांगे आणि वर त्याच्या बायकोकडे बघून सुस्कारा सोडे.

बाई दुष्ट होती का? होती. त्यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा, आणि घरात एक जुनी पायमशीन. त्या मशीनवर तिने दवाखान्याचे गाऊन, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून मुलाला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. हे सगळं खरं, आणि ती ते कुणाला विसरूही देत नसे. पण कष्टाने माणूस मऊ होतो असं ज्याने पसरवलं, त्याने स्वतः फारसे कष्ट केलेले नसावेत. बाई कष्टाने कडक झाली होती, खळ घातलेल्या कापडासारखी. आता वाकायचं म्हटलं तर मोडलीच असती.

घरात चांगली खिडकी एकच. तिच्यासमोर मशीन, आणि मशीनच्या खणात कात्र्या. त्यांतली एक बाईच्या जिवापलीकडची होती. दातेरी पात्यांची, झिगझॅग कात्री. साध्या कात्रीने कापलेल्या कापडाचं सूत दोन-चार दिवसांत सुटायला लागतं, कड झिरमिळते. या कात्रीने कापलं की कड नागमोडी निघते आणि वर्षं गेली तरी धागा सुटत नाही. शिवणीच्या आतल्या कडा कापायच्या आणि ठेवून द्यायची, एवढाच तिचा उपयोग. कागद नाही, दोरा तर नाहीच नाही; दोऱ्याने पाती बोथट होतात. सून लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने एक पाकीट उघडायला ही कात्री उचलली. बाईने तिच्या बोटांवर लाकडी फूटपट्टी मारली. हसत हसत मारली, म्हणजे गंमत म्हणून सोडून देता यावी. वळ मात्र उठला.

सून दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांपाशी उभं राहायचं, हत्यारं हातात द्यायची आणि शांतपणे सांगायचं, थोडं दुखेल. घरीही ती तशीच, फार बोलायची नाही. बाईला हे न बोलणं फार खुपे. भांडणारी सून तिने चुटकीसरशी आडवी केली असती. गप्प बसणारीवर कात्री चालवायची कुठून?

मग सुनेची आई वारली. भावाने घर विकलं, घेणाऱ्याने दारातली भिंत पाडायला काढली, आणि भिंतीवरचा जाईचा वेलही जाणार असं ठरलं. सून गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून जाईच्या काड्या घेऊन आली. एकामागून एक सगळ्या कुजल्या. एकीने तेवढं मूळ धरलं. ती तिने बाईच्या खिडकीखाली लावली, कारण अंगणात माती होती ती तिथेच. कातरणाच्या टोपलीतून दवाखान्याच्या हिरव्या कापडाची एक पट्टी घेतली, खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला बांधली, खाली सोडली आणि वेलाला तिच्या आधाराने वर चढवलं.

सकाळी उठल्यावर सून आधी अंगणात जाई, वेलापाशी काहीबाही पुटपुटे, आणि मग चहा ठेवी. तिचं सासूशी दिवसभरात जेवढं बोलणं होई त्याहून जास्त वेलाशी होई. बाईने हे मुलाच्या कानावर घातलं. मुलगा म्हणजे देवमाणूस, म्हणजे कुठल्याच बाजूला न पडणारा. तो म्हणाला, बोलू दे गं, झाडच ते.

याच मुलाला कंपनीने दुसऱ्या गावी बढती देऊ केली होती. राहायला घर, मोठी खुर्ची, सगळं. तो अडला होता बायकोपाशी. आई एकट्या पडतील, असं ती म्हणाली होती. बाईने हे भिंतीआडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिला सून जास्तच नकोशी झाली. ज्या माणसाच्या दयेवर आपण राहतो त्याला पाण्यात पाहणं हे काही बाईनेच शोधून काढलेलं नाही.

वेल वाढला, खिडकीच्या गजांपर्यंत आला. त्याच सुमारास दवाखान्याने गाऊनचा एक गठ्ठा परत पाठवला. शिवण वाकडी, टाके उड्या मारलेले. असं बाईच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. मुलगा म्हणाला, आई, एकदा डोळे तपासून घे. सून म्हणाली, मी नेते तुम्हाला. दोघंही प्रेमाने बोलली, आणि त्यामुळेच ते बाईच्या फार जिव्हारी लागलं. माझ्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही, तुझ्या वेलाने उजेड खाल्लाय, असं तिने ठणकावलं. सून म्हणाली की बाजूच्या भिंतीवर वळवते, सुट्टीच्या दिवशी. आणि कामाला गेली.

दुपारी बाई परत आलेले गाऊन उसवून पुन्हा शिवत होती. आतल्या कडा कापायचं काम चाललं होतं. वारा सुटला होता, आणि पानांची सावली कापडावर सारखी हलत होती. बाईने एकदा डोळे चोळले, दोनदा चोळले. मग उठली, हातात होती ती कात्री गजांमधून बाहेर घातली आणि ती हिरवी पट्टी मधोमध कापली.

वेल तोडावा असं तिच्या मनात नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगत असे. नुसता खाली पडावा, जरा लोळावा, सुनेला समजावं. पण कोवळा वेल सगळा भार घेऊन एकदम कोसळला आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर दांडाच मोडला. सालीच्या एका पट्टीवर लोंबकळत राहिला. मोडल्याचा बारीक आवाज झाला. बाईच्या कापडावर लख्ख ऊन पडलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

संध्याकाळी सून आली तेव्हा बाईने तयारच ठेवलं होतं. शेजारच्या पोस्टमनचा बोका. गजांवर चढला, वेलावर उडी मारली, मी हाकलेपर्यंत सत्यानाश.

सून वेलापाशी बसली. मोडलेल्या जागी बोट लावलं. मग उभी राहिली, खिळ्याला लोंबणारा पट्टीचा वरचा तुकडा हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि सोडून दिला. रडली नाही. घरात आली, हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "हा वेल जगला तर आपण इथेच राहू. मेला तर तुम्ही बढतीला हो म्हणा."

आवाज चढवला नव्हता, पण स्वयंपाकघरात बाईला शब्द न् शब्द ऐकू गेला. तिला डोळ्यांसमोर दिसलं ते रिकामं घर, दोन खोल्या, आणि बोलायला समोर कुणी नाही. ज्याला टोचून बोलायचं ते माणूसच गेलं तर या जिभेचं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी ती पोस्टमनच्या दारात उभी राहिली. पोस्टमन निवृत्त होता, एकटा होता. जन्मभर लोकांना साहेब साहेब करत पत्रं वाटली, म्हणून बोक्याचंच नाव त्याने साहेब ठेवलं होतं. निदान एक साहेब तरी माझ्या हातचं खातो, असं तो म्हणे. बाई म्हणाली, तुमच्या साहेबाने माझ्या सुनेच्या आईची शेवटची आठवण मोडली. आता आमचं घर मोडणार आहे. ती आणखीही बरंच बोलली. गल्ली जमली. पोस्टमनने हात जोडले. बोका आदल्या दुपारी त्याच्याच पायाशी झोपला होता असं त्याला अंधुक वाटत होतं, पण तोही झोपलेला होता, तेव्हा शपथेवर सांगणार कसं?

सून मोरीत तोंड धूत होती. तिने नळ बंद केला, सगळं ऐकलं आणि पुन्हा नळ सोडला.

पोस्टमनने साहेबाला जुन्या टपालाच्या पिशवीत घातलं, बसने पार मासळीबाजारापलीकडे नेलं आणि सोडून आला. तिथे खायला तरी मिळेल, असा त्याचा हिशेब. दोन दिवसांनी राहवलं नाही म्हणून बघायला गेला, तर बोका तिथे नव्हता. दुधाची वाटी त्याने दारातून उचलली नाही. बाई जाता-येता ती वाटी बघे आणि तोंड फिरवी.

मग बाईने वेलाचा ध्यासच घेतला. आधी प्रेमाच्या भरात, म्हणजे भीतीच्या भरात, तिने त्याला बुडवला. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी, वर खताची मूठ. होती ती पानंही पिवळी पडली. तेव्हा तिने नर्सरीवाल्याला बोलावून आणलं. त्याने मातीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "एवढ्या पाण्यात मासे पाळा, बाई." उभ्या आयुष्यात कुणी तिला असं बोललं नव्हतं, आणि तिने हातातली बादली बाजूला ठेवली. तो म्हणाला की मोडलेला भाग जोडायला जाऊ नका, वरचं सगळं कापा. खाली दोन डोळे हिरवे दिसतायत, पान फुटायची जागा, तेवढेच ठेवा. पानं नाहीत तर खत कोण खाणार? माती कोरडी लागली तरच पाणी, दुपारच्या उन्हाला आडोसा, आणि फुटलं तर सैल बांधायचं.

कापायची वेळ आली तेव्हा सून दारात उभी होती. बाईने कात्री तिच्यापुढे धरली. तुझ्या आईचा वेल, तूच काप.

"तुम्हीच कापा, आई," सून म्हणाली. "तुमचा हात सराईत आहे."

बाईने कापलं. अंगणात हाताच्या बोटाएवढा खुंट उरला. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि बाहेर पडल्यावर हसल्या. बाईने दवाखान्याच्या पडद्याचं कापड घेऊन त्या खुंटासाठी चक्क एक छत शिवलं, चारी कडा दुमडून, कोपऱ्यांना नाड्या लावून. दुपारी ताणायचं, ऊन उतरलं की काढायचं. गाऊन मागे पडू लागले, दवाखान्याची माणसं कुरकुरू लागली, आणि बाई मशीन सोडून उकिडवी बसून खुंटाकडे टक लावू लागली. बरेच दिवस काहीच झालं नाही. ती नखाने साल जरा खरवडून बघे. हिरवी असली की तिचा जीव भांड्यात पडे.

सुनेने एकदाही वेलाला पाणी घातलं नाही, पुटपुटणंही बंद केलं. ती कामावर जाई, परत येई, जाताना खिडकीकडे एक नजर टाके. बाईला वाटे, बघा, हिचं प्रेम एवढंच. मोडल्यावर फिरकली नाही. हे तिने पाणी भरायला येणाऱ्या बाईला ऐकवलंसुद्धा. आणि कौतुक म्हणजे, हे सांगताना तिला खरंच वाईट वाटत होतं. वेलाचं वाईट वाटत होतं.

एका सकाळी खालच्या डोळ्यातून मोहरीएवढं लालसर टोक दिसलं. बाईला ते दिसलं नाही, बोटाला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. खाली बसली आणि पदराने नाक पुसत राहिली. पुढे फूट लांबली तेव्हा तिने बांधायला उरेब पट्टी काढली. तिरकं कापलेलं कापड ताणलं की ताणतं, दांडा जाड झाला तरी त्याला काचत नाही. पट्टी खिळ्याच्या शेजारी नव्या खुंटीला बांधली. जुन्या खिळ्यावर तो हिरवा तुकडा तसाच लोंबत होता, रोज तिच्या डोळ्यांसमोर. तिने तो काढला नाही, कारण तिला त्यात काही दिसतच नव्हतं.

पहिल्या कळ्या आल्या त्या नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून तिने खुडून टाकल्या, अंगात ताकद यायची आहे म्हणून. खुडताना तिने एकेका कळीची माफी मागितली. सुनेच्या बोटांवर फूटपट्टी मारताना मागितली नव्हती.

वेल चांगला पोटरीला लागला, मग कमरेला, मग गजांना. पोस्टमन एकदा फाटकापाशी थांबला. जगला म्हणायचा, असं म्हणाला, आणि घुटमळत विचारलं की आता साहेबाला परत आणलं तर सूनबाईंची हरकत नाही ना.

"आणा की," बाई म्हणाली. "सापडला तर."

पोस्टमन बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला आणि गेला. बाईला आत कुठेतरी टोचलं. तिने छताच्या नाड्या नीट बांधायला घेतल्या.

जाई फुलली ती सुट्टीच्या सकाळी. अंगणभर वास. बाईने मुलाला उठवलं, सुनेला हाक मारली, शेजारणींना बोलावलं. मुलाने आईला मिठी मारली. आई, तू होतीस म्हणून, असं म्हणाला आणि दूध आणायला बाहेर पडला. शेजारणी फुलं ओंजळीत घेऊन गेल्या. अंगणात दोघीच उरल्या. बाईचा चेहरा असा फुलला होता की कात्रीबाई म्हणून ओळखू येऊ नये.

"जगला बरं का तुझा वेल," ती म्हणाली. "आता राहायचं ना इथेच?"

"राहायचं. शब्द दिलाय मी." सुनेने खिळ्यावरचा हिरवा तुकडा सोडला आणि बाईच्या हातात ठेवला. "ही पट्टी बघा, आई."

बाईने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. हिरवं फडकं, दुसरं काय. मग सवयीने तिचं बोट कापलेल्या कडेवरून फिरलं. नागमोडी, दाता-दाताची, सूत न सुटलेली. डोळ्यांना वर्षभर दिसलं नाही ते बोटाला लगेच कळलं. साध्या कात्रीने कापलं असतं तर एव्हाना त्या टोकाची झालर झाली असती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"मला त्याच संध्याकाळी समजलं," सून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही रडला असता, यांनी तुम्हाला समजावलं असतं, आणि वेल मेला असता. लपवायचं होतं म्हणून तुम्ही एवढ्या राबलात. माझ्या हातून एवढं झालं नसतं."

बाईने आयुष्यात फार थोडे न्यायाचे प्रश्न विचारले असतील. त्यांतला एक तिने आत्ता विचारला. "आणि पोस्टमनचा बोका गं?"

सुनेच्या तोंडावरचा रंग जरा बदलला. "त्याचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण तेव्हा वेल जगायचा होता."

सासू-सुनेचं इतकं जमलेलं त्या घरात कधी नव्हतं.

मग सून वेलाची एकेक फांदी उचलून गजांमध्ये गुंफू लागली, या गजातून त्या गजात, नीट, सैल, बाईच्याच उरेब पट्ट्यांनी बांधत. बाजूच्या भिंतीवर वळवते म्हणाली होतीस, असं बाई पुटपुटली. सूनही तितक्याच हळू म्हणाली, "थोडा अंधार होईल."

आता ती खिडकी गच्च भरली आहे. रस्त्याने जाणारे थांबून बघतात, मुलगा पाहुण्यांना सांगतो की हा आईने मरणाच्या दारातून परत आणला. उजेड कमी पडतो असं बाई एकदा त्याच्याजवळ म्हणाली, तर तो हसला. तूच तर एवढा जपलास, आता तूच कापायला निघालीस का? दवाखान्याचं काम बंद झालं. शेजारपाजारचं काहीबाही येतं, एखादा अभ्रा, एखादी नाडी. बाई पानांच्या अंधारात मशीनपाशी बसते. रिकाम्या खिळ्यावर सुनेने झिगझॅग कात्री अडकवून ठेवली आहे, बाईच्या हाताला येईल अशी. वेल वाटेत आला तर असू दे जवळ, असं म्हणून तिने ती अडकवली. बाईने तिला अजून हात लावलेला नाही.

सुईत दोरा ओवणं बाईला आता जमत नाही. ती हाक मारते, अगं, जरा दोरा ओवून दे. आले हं आई, असं आतून उत्तर येतं, आणि हातातलं काम सगळं संपवून सून येते. दोरा ओवते. मग खिळ्यावरची झिगझॅग कात्री काढते, तिने दोऱ्याचं टोक कापते आणि कात्री परत जागच्या जागी अडकवते. पाती बोथट होतात त्याने. बाई ते बघते आणि अभ्रा सुईखाली सरकवते.